सुरगाण्याच्या उतारावर बंद गाडी

सुरगाण्याला नाशिकहून थेट एसटी जाते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं वाचून झाल्यावर तुम्ही विचारणारच, की मग बसने का नाही गेलात? हाच प्रश्न मला मुलीने निघण्याआधी फोनवर विचारला, बायकोने दिंडोरी सोडल्यावर विचारला आणि घाट संपल्यावर एका अनोळखी म्हशीवाल्यानेही विचारला. तिघांना मी एकच उत्तर दिलं. बसने गेलं की वाटेत मनासारखं थांबता येत नाही.

परत येऊन आठवडा झाला. पोटऱ्या अजून दुखतात. जिना उतरताना मी कठड्याला धरून तिरका उतरतो, आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारतात, "काय हो, गड चढून आलात का?" चढून नाही हो, उतरून आलो.

म्हसरूळ ते वणी

आमची मुक्ता तीन-चार महिन्यांपूर्वी सुरगाण्याला नोकरीला लागली. बचत गटांचं काम आहे, तालुक्यातल्या गावांमधून फिरती असते. एकटी खोली घेऊन राहते. "खोली चांगली आहे" एवढंच ती सांगायची. शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, या 'चांगली' शब्दाचा भरवसा नव्हता. "मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला झोप यायची नाही," असं ती रोज रात्री म्हणायची आणि पाठ टेकल्या टेकल्या घोरायची. शेवटी मार्गशीर्षातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. मी, शैला आणि आमची जुनी मोटारसायकल. गाडीच्या कॅरियरला बाजरीच्या पिठाची गोणी, टाकीवर माझ्या पोटाशी एक फुगलेली पिशवी, आणि शैलाच्या मांडीवर नवा कुकर. कुकर खोक्यात का नव्हता, तर खोकं वाऱ्याला आडवं येतं आणि गाडी पेट्रोल जास्त खाते म्हणून. हा शोध माझाच.

इथे आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. आम्ही उताराला गाडी बंद करतो. वडिलांची स्कूटर होती तेव्हापासूनचा हा कुळाचार आहे. उतार दिसला की किल्ली फिरवायची, गाडी न्यूट्रल करायची आणि खाली येईपर्यंत वाऱ्याचा आवाज ऐकायचा. उतारावर इंजिन चालू ठेवणं म्हणजे आमच्यात पानात भात टाकून उठण्यासारखं समजतात. माझा थोरला चुलतभाऊ अण्णा अजूनही कोणी गावाहून आलं की तब्येतीच्या आधी विचारतो, "कुठून बंद केलीस? आणि कुठपर्यंत आली?" ज्याची गाडी सगळ्यात लांब येते, तो खरा. शेवटी गाडी मरायला लागली की पोट आत घेऊन पुढे वाकायचं आणि अंगाला झोके देत तिला आणखी दोन विजेचे खांब ओढायचं. रस्त्यावरचे लोक बघतात. आमच्या घरच्यांना त्याचं काही वाटत नाही.

लग्नानंतर शैला पहिल्यांदा माझ्यामागे बसली तेव्हा उतारावर तिने विचारलं होतं, "बंद पडली का?"

"बंद केली."

"का?"

"उतार आहे ना."

तिने पुढे विचारलं नाही. सासरी काही गोष्टी विचारायच्या नसतात, असं तिला तिच्या आईने सांगून पाठवलं असावं.

दिंडोरीपर्यंत थंडीने बोटं आखडली. द्राक्षांचे मणी बाजरीएवढे झाले होते आणि बागांमधून औषध फवारल्याचा वास रस्त्यावर येत होता. टोमॅटोची क्रेटं लादलेले पिकअप आम्हाला मागे टाकत होते. एका पिकअपवाल्याने शेजारी येऊन शैलाच्या मांडीवरच्या कुकरकडे बघितलं आणि ओरडला, "मावशी, किती शिट्ट्या झाल्या?" शैलाने पदराने तोंड झाकून घेतलं. ती हसत होती की रागावली होती, हे मला आरशात दिसलं नाही.

वणीला मिसळ खाल्ली. तर्री अशी, की माझं नाक उरलेला रस्ता मोकळं राहिलं. मिसळीबरोबर पावाऐवजी भाकरी मागितली तर हॉटेलवाल्याने आम्हाला नाशिकचे असून असं कसं, अशा नजरेने पाहिलं. शैलाला पाव चालत नाहीत, पित्त होतं. सांगायचा मुद्दा, या प्रवासात तिची कंबर, माझा गुडघा, तिचं पित्त आणि गाडीचं वय या सगळ्यांना सांभाळत जायचं होतं, आणि वणीलाच मी दमलो होतो. पण मोटारसायकलवर मनासारखं थांबता येतं ना. मी दर दहा मिनिटांनी थांबत होतो.

बोरगावच्या पुढे

बोरगावला रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीवाल्या बायका बसलेल्या असतात. गुजरातकडच्या गाड्या थांबतात, फोटो काढतात. आम्हीही एक खोका घेतला. नाशिकला आपण स्ट्रॉबेरी म्हणजे आजारी माणसाला न्यायचं फळ समजतो. इथे बायका भाव करता करता सहज एखादी तोंडात टाकतात. शैलाने एक खाल्ली, डोळा बारीक केला आणि म्हणाली, "चिंच बरी."

तिथून सुरगाण्याकडे उतार लागतो. डावीकडे दरी, उजवीकडे डोंगर, कापलेल्या भाताची पिवळी खाचरं खाली पायऱ्यांसारखी. हवा स्वच्छ, रस्ता मोकळा. असा उतार आमच्या घराण्यात कोणाला मिळाला नव्हता. मी मनात अण्णाला फोनसुद्धा लावला. किल्ली फिरवली, गाडी न्यूट्रल केली.

पहिली दोन-तीन वळणं फारच सुंदर होती. शैलाही म्हणाली, "किती शांत आहे नाही?" मी पायाने मागचा ब्रेक दाबून धरला होता. सोडला की गाडी पळत होती, म्हणून सोडतच नव्हतो. मग वास आला. लग्नाच्या मांडवात फोडणी जळते ना, तसा.

"काहीतरी जळतंय," शैला म्हणाली.

"खाली कोणीतरी राब पेटवलाय," मी म्हणालो. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची ती पावसाच्या तोंडावर, मार्गशीर्षात राब कोण पेटवतो?

पुढच्या वळणाआधी ब्रेकवर पाय दाबला तो पोकळीत गेला. पुन्हा दाबला. गाडी हळू व्हायच्या ऐवजी दोन माणसांचं, पिठाचं आणि कुकरचं वजन घेऊन आणखी जोरात निघाली. पुढचा ब्रेक मी जन्मात फारसा वापरलेला नाही, कारण त्याने माणूस तोंडावर पडतो असं वडील म्हणायचे. आता तो जीव खाऊन ओढला. टक् असा आवाज आला आणि ब्रेकचा दांडा हातात लुळा पडला. केबल तुटली होती.

वळण कसं घेतलं ते मला सांगता येणार नाही. समोरून माणसांनी खच्चून भरलेली जीप वर येत होती, टपावर माणसं, मागे लोंबकळलेली माणसं. मी हॉर्न दाबला. हॉर्न वाजेना. किल्लीच बंद, तर वाजणार कुठून? मी तोंडानेच "ओ! ओ! ओ!" ओरडलो. टपावरच्या माणसांना वाटलं ओळखीचा आहे, त्यांनी हात हलवले. जीप आमच्या उजव्या हाताला घासून गेली. डाव्या हाताला काही नव्हतं, नुसती हवा होती.

मी डावी चप्पल रस्त्यावर टेकवली. चप्पल मागे राहिली.

"अगं, घट्ट धर."

"का?"

"ब्रेक लागत नाहीये."

शैला किंचाळेल असं वाटलं होतं. तिने माझ्या पोटाला मिठी मारली, पिशवीसकट, आणि कानाजवळ अगदी ठसक्यात म्हणाली, "अहो, मग चालू करा की ती!"

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. उताराला गाडी चालू करायची असते, हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगितलेलं नाही.

किल्ली फिरवली. क्लच दाबला आणि चौथा गिअर टाकला. पहिला टाकला असता तर मागचं चाक जागीच अडकलं असतं आणि आम्ही दोघं कुकरच्या आधी खाली पोचलो असतो. ढकलस्टार्ट गाडीने आयुष्यभर छळलंय, त्यामुळे एवढं तरी हाताला माहीत होतं. क्लच हळूहळू सोडला. गाडीने हिसका दिला, इंजिन खाकरलं आणि सुरू झालं. अॅक्सिलेटर पूर्ण सोडलेला. मग तिसरा. पुन्हा हिसका, शैलाचं कपाळ माझ्या पाठीवर आपटलं. मग दुसरा. इंजिन असं विव्हळायला लागलं, की सगळं जाग्यावर सुटून पडणार. पण वेग खरोखर कमी झाला. मागे कोणीतरी गाडीची शेपटी धरून ओढतंय असं वाटायला लागलं.

ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे वाक्य मी लायसन्सच्या तोंडी परीक्षेत साहेबांना घडाघडा म्हणून दाखवलं होतं. साहेब खूश झाले होते.

तरी गाडी थांबत नव्हती. गिअर वेग कमी करतो, गाडी उभी करत नाही. पहिल्या गिअरवर आणली तरी ती धावत्या माणसाच्या वेगाने चाललीच होती, आणि पुढे आणखी एक वळण दिसत होतं. डोंगराच्या बाजूला रस्ता दुरुस्तीसाठी मुरमाचा ढीग टाकलेला होता. समोर वाहन नाही एवढं बघितलं, आता हॉर्नही वाजला, आणि गाडी सरळ उजवीकडे मुरमात घातली. हँडल घट्ट आणि सरळ धरलं. पुढचं चाक रुतलं, गाडी ढिगावर हातभर चढली, जरा विचारात पडली आणि दमलेल्या म्हशीसारखी कुशीवर बसली. आम्हीही तिच्याबरोबर बसलो.

माझं कोपर सोललं होतं. शैला पिठाच्या गोणीवर पडली होती आणि तिथेच पडून आकाशाकडे बघत होती. कुकर गडगडत रस्ता ओलांडून गेला, कठड्याच्या दगडाला थटून थांबला. त्याचं झाकण मात्र थांबलं नाही. ते उभं राहून, चाकासारखं, वळण घेऊन दिसेनासं झालं.

"शैला? लागलं का गं?"

"नाही."

"खरंच?"

"नाही म्हटलं ना." मग, अजून आकाशाकडेच बघत, "मुक्ताचे आईबाप दोन्ही एकाच दिवशी गेले असते."

मी गाडीची किल्ली बंद केली. तेवढ्यानेही ती दचकून उठून बसली.

खालून दोन बायका भाताचा पेंढा डोक्यावर घेऊन येत होत्या. पुढचीच्या हातात झाकण होतं. "ह्या तुमचा आहा का?" तिने विचारलं. त्यांची बोली मला निम्मीच कळत होती, पण गाडी, मुरूम आणि माझा एक अनवाणी पाय बघून त्यांना आमचं सगळं कळलं. दोघींनी पेंढा खाली ठेवला, गाडी उचलायला हात लावला. त्यांच्यातल्या म्हातारीने शैलाच्या हातातली पाण्याची बाटली उघडून आधी तिलाच पाजली. मी बाटली मागच्या चाकाच्या तापलेल्या डब्यावर ओतायला मागितली, तर शैला म्हणाली, "चाकाला नाही मिळणार. चाकाने काय केलंय?"

अर्ध्या तासाने मागचा ब्रेक थोडा लागायला लागला. तापला की जातो, निवला की येतो, माणसाच्या डोक्यासारखा. मी म्हणालो, "बस, हळूहळू जाऊ." शैलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा शब्द गिळला.

सुरगाण्याकडे उतरणारी एक जीप थांबली. ड्रायव्हर मुंडी बाहेर काढून म्हणाला, "काका, बेरेक गेलं काय? मावशी, या, पुढं बसा. तुम्हाला सोडतो, काका येतील मागनं."

शैलाने जीपकडे पाहिलं. तिची कंबर, तिचं पित्त, उन्हं चढलेली. ती जाईल आणि जावी, असं मलाही वाटलं.

"नको दादा," ती म्हणाली. "मी गेले की हे परत बंद करतील."

जीपमधले सगळे हसले. मीही हसलो, कारण रडायला जागा नव्हती.

मग आम्ही चालत घाट उतरलो. गाडी बंद, पण पहिल्या गिअरमध्ये. क्लच दाबला की चाक फिरतं, सोडला की इंजिन धरून ठेवतं. असा क्लचचाच ब्रेक करून मी डोंगराच्या कडेने एकेक पाऊल टाकत होतो, एका पायात चप्पल, एका पायात गारगोट्या. शैला मागून कॅरियर दोन्ही हातांनी धरून ओढत होती. तिच्या ओढण्याने काही फरक पडत नव्हता, पण तसं सांगायची माझी छाती नव्हती. पेंढावाल्या बायका वरून बघत होत्या. म्हातारीने हाक मारली, "बैल लय द्वाड आहा का गं बाई?"

"दोन्ही!" शैला ओरडली. त्या तिघी एकदम हसल्या. घाटात तिचं हसू घुमलं आणि मला जरा बरं वाटलं.

माझी मागे राहिलेली चप्पल वरच राहिली. वर चढून आणायची ताकद कोणात होती?

सुरगाणा

घाटाखालच्या गावात केबल बदलून मिळाली. तो म्हशीवाला तिथेच भेटला. मुक्ताच्या खोलीवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दारात पाय ठेवायच्या आधी मी शैलाला म्हणालो, "तिला काही सांगायला नको. उगाच घाबरेल. केबल तुटली म्हणू." शैलाने नुसतं माझ्या पायातल्या रबरी स्लिपरांकडे पाहिलं. गावातल्या दुकानात माझ्या मापाच्या फक्त बायकांच्या होत्या, फुलांच्या.

खोली खरंच चांगली होती. घरमालकिणीने नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, काळ्या भाकरी, उडदाची डाळ आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी पाठवली. आपल्याकडे नागली म्हणजे लेकरांचं सत्त्व. इथे ती अंगमेहनतीचं जेवण आहे. एका भाकरीत माझं पोट भरलं आणि दुसरी खाताना झोप आली. कौतुकाने मुक्ताने विचारलं, "प्रवास कसा झाला?" मी म्हणालो, "उत्तम. केबल तुटली फक्त." आणि पाटाशेजारीच आडवा झालो. इतका दमलो होतो की खोटं बोलायचेही कष्ट वाटत होते.

रविवारी सकाळी मुक्ता आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेली. "सरप्राईज!" तिथे एक स्कूटर उभी होती. जुनीच घेतलेली, पण पुसून लखलखीत केलेली. "आता बोरगावकडच्या गावांना हिच्यावरच जाते. जीपची वाट बघायला नको." शैलाने हातातला चहाचा कप ओट्यावर ठेवला.

"आणि बाबा," मुक्ता पुढे झाली, डोळे चमकत होते, "परवा बोरगावच्या पुढे बंद केली ना, ती थेट खालच्या पुलापर्यंत आली! अण्णाकाकांना सांगा. रेकॉर्ड आहे."

लहानपणी मी तिला टाकीवर पुढे बसवायचो. उतार आला की किल्ली तिने फिरवायची, हा तिचा मान होता. शाळेत तिने 'माझे बाबा' या निबंधात तेही लिहिलं होतं आणि मी तो निबंध नातेवाइकांना वाचून दाखवला होता.

मग मी सांगितलं. सगळं. वास, राब, पोकळीत गेलेला पाय, तोंडाने वाजवलेला हॉर्न. ती आधी हसली. हॉर्नला तर फारच हसली. सवयीने मी ते रंगवून सांगितलं होतं. घरात गोष्टी मीच सांगतो, आणि माझ्या गोष्टीत शेवटी कोणाला काही होत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत.

"बाबा, तुमची गाडी किती जुनी आहे! माझे ब्रेक नुकतेच बदललेत. आणि तुम्हीच तर म्हणता, उतार फुकट घालवू नये."

"म्हणायचो."

"मग?"

आयुष्यभर ज्या गोष्टीचं कौतुक केलं, तिच्याविरुद्ध बोलायचा मला सराव नव्हता. शैला ओट्यावरून उठली. स्कूटरला एक फेरी मारली, भाजी निवडताना बघते तशी.

"मुक्ता, हिला गिअर आहेत का गं?"

"नाही आई. गिअरलेस आहे. म्हणून तर सोपी."

"आम्ही गिअरवर वाचलो," शैला म्हणाली. "तू कशावर वाचणार?"

मुक्ता हसायची थांबली. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्या कोपराकडे, ज्याबद्दल काल तिला 'खरचटलं' एवढंच सांगितलं होतं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मी अशा वेळी गप्प बसतो तशीच गप्प बसली.

सोमवारी ती बोरगावकडे कामाला गेली. आम्ही त्याच दिवशी निघणार होतो. दोघांपैकी कोणी निघायचं नाव काढलं नाही. शैलाने तिचे सगळे डबे घासले, घासलेले परत घासले. उन्हं उतरायला लागली तसा मी "जरा पाय मोकळे करतो" म्हणून निघालो. पाय मोकळे करायची माझी काय अवस्था होती ते शैलाला दिसत होतं. तिने नुसतं "शाल घ्या" म्हटलं.

गावाबाहेर जिथे बोरगावचा रस्ता उतरून येतो, तिथे रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. जीपा येत होत्या, घरघर आधी ऐकू यायची आणि मग जीप दिसायची. एक मोटारसायकल आली, नवरा, बायको, मध्ये पोर. आवाज नाही. नुसता टायरांचा सरसर. माझ्यासमोरून ते तिघे वाऱ्यासारखे गप्प गेले. मी उठून "अहो, चालू करा!" असं ओरडलो, तेव्हा ते फार पुढे गेले होते. त्यांनाही मी ओळखीचा वाटलो असेन.

परत बसलो. थंडी वाढली. आता जो आवाज येत नव्हता, त्याचीच भीती वाटायला लागली.

मग वरच्या वळणामागून बारीक घुंई ऐकू आली. थांबेल, आत्ता थांबेल, असं वाटत होतं. थांबली नाही. दिवा दिसला, वळला, खाली येत राहिला, आणि आवाज त्याच्याबरोबर पूर्ण रस्ताभर आला. मुक्ता माझ्यापाशी येऊन थांबली. दोन्ही ब्रेक दाबून, नीट.

"इथे काय करताय बाबा, थंडीत?"

"पाय मोकळे करतोय."

तिला ते पटलं नाही, पण तिने सोडून दिलं. "चालूच ठेवली हं," ती जरा फुरंगटून म्हणाली. "केवढं पेट्रोल जळलं."

"जळू दे," मी म्हणालो.

हे शब्द माझ्या तोंडून ऐकून ती माझ्याकडे बघतच राहिली. मग थोडी पुढे सरकून तिने मागे जागा केली. गुडघा वळेना, म्हणून तिच्या खांद्याला धरून मी कसाबसा बसलो. गावापर्यंत उतार अजून थोडा शिल्लक होता. मुक्ता हळू चालवत होती, आणि मी तिच्या पाठीमागे बसून इंजिन ऐकत होतो.